अंजिराची गुटी : फांदीला मुळे कशी फुटतात?

प्रतापगड म्हटले की आपल्याला साताऱ्याकडचा किल्ला आठवतो. पण ह्या नावाचे आणखी एक ठिकाण महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. आजूबाजूला जंगल, धानाच्या बांध्या आणि तलाव. माझे वडिलोपार्जित घर येथे आहे आणि घरामागच्या वाडीत परवापर्यंत एक अंजिराचे झाड होते. वडिलांनी फार वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातील सासवडहून रोप आणून ते लावले होते. वडील आज नाहीत.

गेल्या वर्षी मे महिन्यात घरात असे ठरले की, मागची पडकी भिंत पाडून दोन खोल्या वाढवायच्या. पाया नेमका अंजिराच्या बुंध्यातून जात होता. काम दसऱ्यानंतर सुरू होणार होते. म्हणजे झाड वाचवायला माझ्या हाती एकच पावसाळा होता. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. तरीही ह्या निमित्ताने जे शिकलो ते आज तुमच्यापुढे मांडणार आहे. कारण त्यात वनस्पतिशास्त्राइतकेच पदार्थविज्ञानही आहे, आणि प्रयोग असा आहे की तो कोणत्याही शाळेला करता येईल.

बी का पेरले नाही?

पहिला प्रश्न तुम्ही विचारालच. अंजिरात शेकडो बिया असतात, मग त्या का पेरू नयेत?

अंजीर हे एक फळ दिसते, पण वस्तुतः तो आत वळलेला फुलोरा आहे. फुले आतल्या बाजूला असतात. उंबर फोडून पाहिले तर हेच दिसते, आणि त्यात बारीक कीटकही दिसतात. ते कीटक उंबराच्या फुलांचे परागण करतात. आपल्याकडे लागवडीत असलेल्या पुणे अंजिराचे मात्र वेगळे आहे. त्याची फळे परागण न होताच वाढतात आणि पिकतात. परागण नाही, म्हणून फलन नाही, आणि फलन नाही म्हणून बीमध्ये गर्भ नाही. दाताखाली कचकचणाऱ्या त्या बिया बहुधा पोकळ असतात. त्या पेरून रोप मिळत नाही. समजा कोठे परागण होऊन एखादे बी रुजलेच, तरी त्याचे झाड आईसारखे निघेल असा भरवसा नसतो.

म्हणून अंजिराची वाढ फांदीपासूनच करतात. पुरंदर तालुक्यात अंजिराच्या मोठ्या बागा आहेत. तेथील अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा बागांसाठी रोपे छाट कलमाने किंवा गुटी कलमाने तयार करतात. छाट कलम म्हणजे फांदीचा तुकडा कापून जमिनीत लावणे. ही रीत सोपी आहे, पण त्यासाठी पक्व आणि पानगळ झालेली फांदी चांगली. ती हिवाळ्यात मिळते. मला हिवाळ्यापर्यंत थांबता येत नव्हते. पावसाळ्यात अंजीर पानांनी भरलेला असतो. तेव्हा फांदी कापली तर पाने पाणी उडवीत राहतात, आणि पाणी ओढून घ्यायला खाली मुळे नसतात. फांदी दोन दिवसांत माना टाकते.

ह्यावर उपाय असा : फांदी कापायचीच नाही. ती झाडावर असतानाच तिला मुळे फोडायची, आणि मुळे आल्यावर कापायची. हीच गुटी. इंग्रजीतील बागकामाच्या पुस्तकांनीही आपल्याकडचा ‘गुटी’ हा शब्द तसाच उचलला आहे.

काकांची शंका

गुटीत फांदीवरची दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची साल बांगडीसारखी गोल काढून टाकतात. हे मी करू लागलो तेव्हा शेजारी उभे असलेले काका म्हणाले, “अरे, साल काढल्यावर फांदी वाळून नाही का जाणार?”

शंका रास्त होती. हाच प्रश्न सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पीगी ह्यांच्यापुढे होता. त्यांनी झाडाच्या सालीचे कडे काढून टाकले आणि वाट पाहिली. फांदी वाळली नाही. पाने हिरवीच राहिली. पण कड्याच्या वरच्या कडेला साल फुगून गाठ आली. खालच्या कडेला तशी आली नाही. वनस्पतींच्या रचनेवरील त्यांचा ग्रंथ १६७५ ते १६७९ ह्या काळात प्रसिद्ध झाला.

ह्या साध्या प्रयोगातून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, पाणी वर जाते ते सालीतून नव्हे, आतल्या लाकडातून. नाही तर पाने सुकली असती. दोन, पानांत तयार झालेले अन्न खाली येते ते सालीतून. वाट तुटली म्हणून ते कड्याच्या वर साचले. पाठ्यपुस्तकात तुम्ही जलवाहिन्या आणि रसवाहिन्या असे शब्द शिकता. जलवाहिन्या लाकडात आहेत, रसवाहिन्या सालीच्या आतल्या अंगाला आहेत. दोहोंच्या मध्ये एक अतिशय पातळ, ओलसर थर असतो. त्याला ऊतककर किंवा कँबियम म्हणतात. त्याच्या पेशी सतत विभागून आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतात. हा पातळ थर ध्यानात ठेवा. माझी पहिली फजिती त्यानेच केली.

पाणी वर कसे जाते?

येथे पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी थांबून विचारील, पाणी वर ढकलतो कोण? आपण पंपाने विहिरीतून पाणी ओढतो तेव्हा खरे तर वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. हा दाब पाण्याचा सुमारे १०·३ मीटर उंचीचाच स्तंभ पेलू शकतो. माझे अंजिराचे झाड चार-पाच मीटरांचे, तेवढ्याला हा दाब पुरेल असे वाटेल. पण अमेरिकेतील रेडवूड जातीची काही झाडे ११० मीटरांहूनही उंच आहेत. शंभर मीटर पाणी चढवायचे तर वातावरणाच्या जवळजवळ दहापट दाबाचा फरक लागेल, शिवाय वाहिन्यांतील घर्षण वेगळेच. तेव्हा हा साधा पंप नव्हे.

आज मान्य असलेले स्पष्टीकरण डिक्सन आणि जोली ह्यांनी १८९४ साली मांडले. पानांतून पाणी बाष्प होऊन उडते. पानांच्या पेशींच्या भित्तींत अतिसूक्ष्म छिद्रे असतात. तेथील पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि पृष्ठताणामुळे मागचे पाणी ओढले जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे वरून ओढ बसली की मुळांपर्यंतची सगळी साखळी वर सरकते. म्हणजे झाडाला खालून ढकलणारे इंजिन नाही. वरून ओढणारा सूर्य आहे.

आपले जगदीशचंद्र बोस मूळचे पदार्थवैज्ञानिक. त्यांनाही ह्या प्रश्नाने ओढून घेतले होते. झाडात रस कसा चढतो ह्यावर त्यांनी १९२३ साली ग्रंथ लिहिला. जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस चढतो हे त्यांचे मत पुढे टिकले नाही. पण पदार्थविज्ञानाची उपकरणे घेऊन झाडापाशी बसावे ही त्यांची वाट आजही चुकीची ठरलेली नाही.

साल काढलेल्या फांदीतून ही पाण्याची साखळी तुटत नाही. म्हणून पाने ताजी राहतात आणि अन्न तयार करीत राहतात. काकांच्या शंकेचे उत्तर हे.

ह्याच्या उलट उदाहरण पहा. ब्रह्मदेशात सागवान तोडण्याआधी त्याच्या बुंध्याला कडे पाडण्याची रीत होती. तेथे सालीबरोबर तिच्याखालचे ओले लाकूडही कापीत. त्यामुळे पाणीच तुटे आणि झाड उभ्याउभ्या वाळे. वाळलेला ओंडका हलका होऊन नदीत तरंगे, तर ओले सागवान बुडते. एकच कडे, पण ते किती खोल, ह्यावर फांदीचे जगणे-मरणे अवलंबून. म्हणून गुटी करताना चाकू लाकडात घुसता कामा नये. तसेच कडे कधीही मुख्य बुंध्यावर करू नये. तेथे फक्त साल काढली तरी मुळांना अन्न मिळेनासे होते आणि कालांतराने झाड मरते. एखाद्या फांदीवर कडे पाडले तर बाकीच्या फांद्या मुळांना पोसतात.

मग मुळे का फुटतात?

कड्याच्या वर साखर साचते हे आपण पाहिले. पण नुसत्या साखरेने मुळे येत नाहीत. हुकूम देणारा कोणी तरी हवा.

१९२८ साली हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट ह्यांनी ओटच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून दाखवले की, कोंबाच्या टोकात एक द्रव्य तयार होते, ते खाली उतरते आणि वाढीला चालना देते. त्या द्रव्याला ऑक्झिन हे नाव मिळाले. १९३० नंतरच्या दशकात असे दिसून आले की, हेच द्रव्य खोडाला मुळेही फोडते. १९३५ साली झिमरमन आणि विल्कॉक्सन ह्यांनी इंडोल ब्युटिरिक आम्ल हे प्रयोगशाळेत तयार होणारे द्रव्य ह्या कामी उपयोगी असल्याचे दाखवले. आज कृषी सेवा केंद्रात मुळे फुटण्यासाठी जे संजीवक पूड स्वरूपात मिळते, त्यात बहुधा हेच द्रव्य असते.

ऑक्झिनचा एक गुण महत्त्वाचा आहे. ते शेंड्याकडून बुडख्याकडे एकाच दिशेने वाहते. कड्यापाशी वाट तुटली की तेथे तेही साचते. म्हणजे कड्याच्या वरच्या कडेवर अन्न आणि हुकूम दोन्ही एकत्र येतात. तेथील पेशी भराभर विभागून आधी पांढरट किण तयार करतात, आणि मग त्या भागातून मुळे बाहेर पडतात. खोडातून निघणाऱ्या अशा मुळांना आगंतुक मुळे म्हणतात.

अंजिराला हे सोपे जाते ह्यात नवल नाही. वड, पिंपळ, उंबर, पायर आणि अंजीर ही सर्व एकाच प्रजातीतील भावंडे. वडाच्या पारंब्या म्हणजे तरी काय? फांदीला हवेत फुटलेली मुळेच. वड आपली गुटी आपणच बांधतो. अंजिराला आपण थोडी मदत करायची.

मात्र मुळे फुटण्यासाठी आणखी तीन गोष्टी लागतात : अंधार, ओलावा आणि हवा. ह्या तीन गोष्टी पुरवणारी पुडी म्हणजेच गुटी.

साहित्य

पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, एक-दोन वर्षांची निरोगी फांदी, धारदार स्वच्छ चाकू, मॉस, म्हणजे रोपवाटिकेत मिळणारे वाळलेले शेवाळ (ते नसेल तर नारळाच्या काथ्याचा भुसा), सुमारे २० सेंटिमीटर लांब-रुंद पारदर्शक पॉलिथिन, जाडी १०० ते २०० गेज, म्हणजे २५ ते ५० मायक्रॉन, सुतळी, जुने वर्तमानपत्र किंवा फडके, आधाराला बांबूची काडी. संजीवकाची पूड मिळाली तर घ्यावी, पण अंजिराला तिच्यावाचून अडत नाही.

एक सूचना. अंजिराचा पांढरा चीक त्वचेला लागून त्यावर ऊन पडले तर आग होते, कधी फोडही येतात. हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. चाकूचे काम शिक्षकांच्या किंवा घरातील मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करा.

कृती

१) मॉस पाण्यात दोन-तीन तास भिजवून मुठीत घट्ट पिळा. पिळल्यावर थेंब पडता कामा नयेत.

२) फांदीच्या शेंड्यापासून ३० ते ४५ सेंटिमीटर मागे, एका डोळ्याच्या लगेच खाली जागा निवडा. तेथील पाने काढून टाका.

३) चाकूने साल लाकूड लागेपर्यंत गोल कापा. अडीच सेंटिमीटर खाली दुसरा गोल काप घ्या. दोन्हींना जोडणारी एक उभी चीर द्या आणि साल सोलून काढा.

४) उघड्या लाकडावर चाकूची धार हलक्या हाताने फिरवून बुळबुळीतपणा जाईपर्यंत खरवडा. मग कोरड्या फडक्याने पुसा.

५) संजीवक असल्यास कड्याच्या वरच्या कडेला किंचित लावा.

६) मूठभर मॉस कड्याभोवती असे दाबा की वरची कड त्याच्या मधोमध येईल. त्यावर पॉलिथिन गुंडाळून दोन्ही तोंडे सुतळीने घट्ट बांधा. कागदाची जोडकड खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरणार नाही.

७) वरून वर्तमानपत्र किंवा फडके गुंडाळा. फांदीला काडीचा आधार बांधा.

काडी कशाला, असे वाटेल. एक हिशेब करू. फांदीचा व्यास १५ मिलिमीटर आणि साल दीड मिलिमीटर जाड असेल, तर साल काढल्यावर व्यास १२ मिलिमीटर राहतो. दांड्याची वाकण्यास विरोध करण्याची शक्ती व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. १२ भागिले १५ म्हणजे ०·८. त्याचा चौथा घात सुमारे ०·४१. साल लाकडाइतकीच ताठ धरली, तर तेवढ्या जागी फांदीचा ताठपणा निम्म्याहून कमी झाला! साल लाकडापेक्षा मऊ असल्याने प्रत्यक्षात घट इतकी होत नाही. पण वर ओल्या मॉसचे ओझे आणि पावसाळी वारा असतो. म्हणून काडी हवीच.

पॉलिथिनच का?

पॉलिथिन नव्हते तेव्हाही गुट्या होत असत. माती आणि शेणखताचा गोळा गोणपाटात बांधीत आणि वरच्या फांदीला पाण्याचे मडके टांगीत. मडक्याच्या भोकातून सुती दोरी गुटीपर्यंत आणीत. केशाकर्षणाने दोरी भिजे आणि थेंब थेंब पाणी गुटीवर पडे. युक्ती सुरेख, पण मडके रोज भरावे लागे.

१९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिथिनचा शोध लागला आणि पुढच्या दशकांत त्याचा पातळ कागद बागेत आला. ह्या कागदाचा गुण असा की, त्यातून पाण्याची वाफ फारच थोडी जाते, पण ऑक्सिजन त्यामानाने बराच जाऊ शकतो. म्हणजे ओलावा आत कोंडला जातो आणि मुळांचा श्वासही चालू राहतो. एकदा बांधलेली गुटी दोन महिने पाण्यावाचून राहते.

मॉस पिळायचे कारणही श्वासाचेच. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहाहजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. मॉसमधील पोकळ्या पाण्याने भरल्या तर ऑक्सिजनची वाट बुजते आणि साल कुजते.

आता वर्तमानपत्राचे कारण. पारदर्शक पॉलिथिनमधून ऊन आत जाते, मॉस तापते, पण बंद पुडीतली उष्णता बाष्पीभवनाने बाहेर पडू शकत नाही. गुटी उन्हात शिजते. शिवाय मुळांना अंधार लागतोच. कागद किंवा फडके दोन्ही कामे करते, आणि ते बाजूला सारून आत मुळे आली का हेही पाहता येते.

माझ्या चुका

हे सर्व आज मी मोठ्या थाटात सांगत आहे. पण झाड तोडायचे ठरण्याच्या आदल्या वर्षी मी हौसेने ह्याच झाडावर चार गुट्या बांधल्या होत्या, आणि चारही फसल्या.

दोन गुट्या उघडल्या तेव्हा मला कडेच सापडेना. वरच्या आणि खालच्या सालीला जोडणारा नवा सालीचा पूल तयार झाला होता. कारण उघड आहे. मी साल सोलली, पण लाकूड खरवडले नाही. ऊतककराचा पातळ थर लाकडाला चिकटून राहिला आणि त्याने नवी साल तयार केली. तुटलेली वाट पुन्हा सुरू झाली. साखर आणि ऑक्झिन खाली वाहून गेले. झाडाने माझी जखम बरी केली आणि म्हणूनच मुळे आली नाहीत. तिसरीत मी मॉस पिळले नव्हते. तेथे आंबूस वासाचा काळा चिखल होता. चौथीची वरची गाठ सैल होती. मॉस कोरडे पडून आत मुंग्यांनी घर केले होते.

पुढच्या वर्षी झाड जाणार हे कळले तेव्हा ह्या चार चुका मला उपयोगी पडल्या. धानाची रोवणी सुरू होण्याच्या सुमारास मी सहा फांद्यांवर सहा गुट्या बांधल्या. ह्या वेळी लाकूड खरवडले, मॉस पिळले, गाठी तपासल्या. एक गुटी वानरांनी फाडली. पाचवा आठवडा संपताना दोन गुट्यांत पॉलिथिनला टेकलेली पांढरी मुळे दिसली. काकांना ती दाखवली तेव्हा ते काही बोलले नाहीत. फडके पुन्हा त्यांनीच गुंडाळले. आठव्या आठवड्यापर्यंत चार गुट्या मुळांनी भरल्या. सहावीत नुसता किण आला, मुळे आली नाहीत. का, ते मला सांगता आले नाही.

आईपासून वेगळे करताना

मुळे दिसली म्हणून लगेच कापू नये. पांढरी मुळे थोडी तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू द्यावेत. मग गुटीच्या खाली फांदी कापावी. खरी परीक्षा येथून सुरू होते. कालपर्यंत ह्या पानांना सगळ्या झाडाची मुळे पाणी पुरवीत होती. आज मूठभर कोवळ्या मुळांवर सारा भार पडतो. खर्च कमी करायला हवा. म्हणून निम्मी पाने काढून टाकावीत किंवा मोठी पाने अर्धी कापावीत. पॉलिथिन हळूच काढावे, पण मॉस उकलू नये; मुळे ठिसूळ असतात. पोयटा माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन कुंडी किंवा पिशवी भरावी, तीत रोप लावून तीन-चार आठवडे सावलीत ठेवावे आणि हळूहळू उन्हाची सवय करावी. काढलेले पॉलिथिन वाडीत टाकू नका. धुऊन पुन्हा वापरा.

गुटीच्या रोपाच्या मर्यादाही जाणून घ्या. त्याला बीच्या रोपासारखे सोटमूळ नसते. मुळे उथळ राहतात. वाऱ्यापासून पहिली काही वर्षे आधार द्यावा लागतो. हे रोप आनुवंशिक दृष्ट्या आईची हुबेहूब प्रत असते. आईचे गुण उतरतात, तसेच फांदीत विषाणुरोग असेल तर तोही उतरतो. म्हणून रोगट झाडाची गुटी करू नये. हवामानाचेही पहा. अंजिराला पुरंदरसारखी कोरडी हवा मानवते. आमच्या झाडीपट्टीत पाऊस त्याच्या दुपटीहून अधिक. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो आणि ती गळतात. परसातल्या एका-दोन झाडांना हे चालून जाते, बाग करायची तर परवडत नाही.

तुम्ही करून पहा

अंजीर नसेल तर डाळिंब, पेरू, लिंबू, जास्वंद किंवा क्रोटन घ्या. चार-चारच्या गटाने पुढील प्रयोग करा.

प्रयोग १ : सारख्याच वजनाच्या ओल्या मॉसच्या दोन पुड्या करा. एक फडक्यात, दुसरी पॉलिथिनमध्ये बांधून सावलीत टांगा. दहा दिवस रोज दोन्हींचे वजन करून आलेख काढा. दोन्ही रेषांचे उतार काय सांगतात?

प्रयोग २ : पॉलिथिनच्या दोन ओल्या पुड्यांत एकेक तापमापक खुपसा. एक उघडी, दुसरी वर्तमानपत्र गुंडाळून दुपारी उन्हात ठेवा. दर दहा मिनिटांनी तापमान नोंदवा.

प्रयोग ३ : एकाच झाडावर दोन गुट्या करा. एकीत लाकूड खरवडा, दुसरीत मुद्दाम खरवडू नका. दोन महिन्यांनी दोन्ही उघडून चित्रे काढा.

विचार करा : (अ) केळ, बांबू किंवा ताड ह्यांची गुटी का करता येत नाही? त्यांच्या खोडातील वाहिन्यांची मांडणी पाठ्यपुस्तकात पहा. (आ) कड्याच्या वरची सर्व पाने काढून टाकली तर मुळे येतील का? (इ) गुटीची मुळे कड्याच्या वरच्या कडेलाच का येतात, खालच्या कडेला का नाही?

शिक्षकांना एक विनंती. फसलेली गुटी फेकून देऊ नका. ती वर्गात उघडा आणि का फसली हे मुलांना शोधू द्या. मला यशस्वी गुट्यांपेक्षा फसलेल्यांनीच जास्त शिकवले.

दसऱ्यानंतर ठरल्याप्रमाणे झाड तोडले. त्या दिवशी आई वाडीत आली नाही. चार रोपे तेव्हा ओसरीवर सावलीत होती. त्यांतील एक पुढे वाळले. एक आईने नव्या खोलीच्या खिडकीसमोर लावून घेतले, एक काकांनी नेले आणि एक गावातल्या शाळेच्या आवारात आहे. शाळेतल्या रोपाला ह्या उन्हाळ्यात सात नवी पाने आली. ती मोजण्याचे काम मुलांनी आपणहून घेतले आहे.